थंड इंजिनाचा दोष गरम इंजिनात सापडत नाही

पहाटे पाचला पिकअप चालू होत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी बसत आली की एकदाची पेटते, तीन सिलिंडरवर लंगडत थरथरते, मागे डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर सोडते आणि पाच-सात मिनिटांत सुरळीत चालू लागते. मालक ती घेऊन बाजार समिती गाठतो, माल उतरवतो आणि परतताना दुपारी गॅरेजसमोर उभी करतो. मिस्त्री चावी फिरवतो, इंजिन लगेच पेटते. मग दोनपैकी एक उत्तर मिळते. "थंडीचं आहे, डिझेल गाडीला एवढं चालायचंच." नाहीतर, "नोझल-पंप उतरवावा लागेल."

निफाड, लासलगाव, पिंपळगाव, नारायणगाव, ओतूर या पट्ट्यात द्राक्षे, कांदा, टोमॅटो वाहणाऱ्या पिकअपवाल्यांना डिसेंबर ते फेब्रुवारी हीच दोन उत्तरे मिळत असतात. पहिल्या उत्तराने मालक गप्प बसतो, दुसऱ्याने कर्जात जातो. मला दोन्ही अमान्य आहेत, आणि कारण एकच आहे: ज्या इंजिनाची तक्रार आहे ते इंजिन कोणी तपासलेलेच नसते. तक्रार थंड इंजिनाची असते आणि तपासणी गरम इंजिनाची होते.

आधी "थंडीचं आहे" हे उत्तर घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गला जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, त्याचे तत्त्व आजच्या पिकअपमध्येही तेच आहे: हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि तीत सोडलेले डिझेल पेटेल. म्हणजे थंड इंजिन चालू होण्याचा सगळा प्रश्न उष्णतेचा आहे, आणि ती मोजता येते. सतरास एक दाबाच्या इंजिनात ३५ अंशांची हवा शिरली तर ढोबळ हिशेबाने ती ४४५ अंशांपर्यंत तापते. तीच हवा ५ अंशांची असली तर ३७५ पर्यंत. हिवाळ्याने सत्तर अंश खाल्ले हे खरे. पण डिझेल आपोआप पेटायला २१० ते २५० अंशांच्या आसपास तापमान लागते. धडधाकट इंजिनाकडे ५ अंशांच्या पहाटेलाही पुरेशी उष्णता शिल्लक असते.

मग गाडी का अडते? कारण ही उष्णता वाटेत गळते. सेल्फ मंद फिरला की दाबलेल्या हवेला थंड भिंतींकडे उष्णता सोडायला वेळ मिळतो. रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्ह नीट बसत नसतील, तर हवा बाजूने निसटते. याच हिशेबात अशी गळती धरली तर ३७५ चे सव्वादोनशेसुद्धा होऊ शकतात, म्हणजे पेटण्याच्या अगदी काठावर. डिझेल आत शिरते, त्याची वाफ होते, ते पेटत नाही, आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडते. उन्हाळ्यात हीच गळती चालू असते, फक्त बाहेरच्या हवेने दिलेल्या सत्तर अंशांखाली ती झाकली जाते. थंडी दोष निर्माण करत नाही, असलेला दोष उघडा पाडते. म्हणून "थंडीचं आहे" असे सांगून मालकाला परत पाठवणे म्हणजे निदान टाळणे होय.

याच उत्तराचे एक भावंड आहे, "डिझेल गोठलं". यातला खरा भाग आधी मान्य करतो. डिझेलमध्ये मेण असते आणि गारठ्यात त्याचे कण धरतात. आपल्या आयएस १४६० या मानकात यासाठी हंगामानुसार दोन मर्यादा आहेत: थंड डिझेल फिल्टरमधून अडखळू लागण्याचे तापमान हिवाळ्यात ६ अंशांहून आणि उन्हाळ्यात १८ अंशांहून जास्त असता कामा नये. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा टाकीत महिनोन् महिने पडून राहिलेले उन्हाळी डिझेल असेल, तर मेण धरणे शक्य आहे. पण त्याचे लक्षण वेगळे आहे. मेण फिल्टर तुंबवते. गाडी बहुधा चालू होते, फिल्टरच्या पलीकडचे डिझेल संपेपर्यंत चालते, मग दम टाकते, ॲक्सिलरेटरला दाद देत नाही, आणि ऊन वर आले की आपोआप सुटते. पहिल्या सेल्फला न पेटणे, एका सिलिंडरने मिसिंग करणे, पांढरा धूर, आणि सगळे काही मिनिटांत थांबणे ही मेणाची लक्षणे नाहीत. धूर येतोय याचा अर्थच डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे. खरोखर गोठण्याचा प्रश्न आहे तो लडाखचा. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. नारायणगावच्या गाडीला लडाखचा आजार चिकटवायचे कारण नाही.

आणि हे निदान निरुपद्रवी नाही. "डिझेल गोठलं" म्हटले की कोणीतरी टाकीत रॉकेल ओततो. पंप आणि नोझल यांना वंगण फक्त डिझेलचेच मिळते, दुसरे तेल तिथे जात नाही. रॉकेलने ते वंगण पातळ होते, सहज पेटण्याचा डिझेलचा गुणही घटतो. म्हणजे न पेटणाऱ्या इंजिनाला पेटायला आणखी अवघड इंधन दिले जाते.

आता दुसरे उत्तर, नोझल-पंप. इथे मला जास्त राग आहे, कारण यात माणसाचा हंगाम बुडतो.

कॉमन रेल इंजिनात सेल्फ फिरताना रेलमध्ये साधारण दोनशे बारच्या आसपास दाब जमला नाही तर संगणक नोझल उघडतच नाही. नोझल आतून झिजले, रिटर्नला जास्त डिझेल सोडू लागले, पंप थकला, की हा दाब जमत नाही. इथपर्यंत मिस्त्रीचे म्हणणे बरोबर आहे. पण डिझेल तापले की पातळ होते, आणि पातळ डिझेल झिजलेल्या फटींतून जास्त निसटते. म्हणून झिजलेला पंप आणि गळके नोझल यांचा ठरलेला त्रास गरम इंजिनाचा असतो: सकाळी बरी, पण वाटेत चहाला थांबवली की पुन्हा चालू होत नाही. आपली तक्रार याच्या नेमकी उलट आहे. गरम झाल्यावर जी गाडी घाटात भरलेल्या मालासह दम न टाकता चढते, तिच्या पंपावर पहिला संशय घ्यायला काही आधार लागतो, आणि "थंडीत अडते" हा तो आधार नाही.

नोझल कधीच दोषी नसते असे मी म्हणत नाही. टोकावर काजळी धरून धार फवाऱ्याऐवजी थेंबाथेंबाने पडत असेल, तर थंड सिलिंडरमध्ये ते थेंब पेटत नाहीत आणि गाडी ठोके देते, धूर सोडते. असे होते. पण ते ठरवायला कसोटी आहे. चारही नोझलांच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडून कोण किती डिझेल परत टाकतो ते बघता येते, स्कॅनरवर रेलचा दाब बघता येतो. हे न करता नोझल उतरवणे म्हणजे मालकाच्या पैशाने अंदाज खेळणे आहे. एका नव्या कॉमन रेल नोझलच्या किमतीत हीटर प्लगचा सगळा संच येतो आणि पैसे उरतात. मग स्वस्त आणि संभाव्य कारण आधी का तपासले जात नाही?

हीटर प्लग असलेल्या गाडीत संशयाची पहिली जागा तीच असायला हवी. प्रत्येक सिलिंडरमध्ये डोके खुपसलेली ही बारीक लोखंडी कांडी काही सेकंदांत साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापते आणि हवेने गमावलेली उष्णता भरून काढते. बऱ्याच गाड्यांत ती चालू झाल्यावरही मिनिट-दोन मिनिटे तापती राहते, इंजिन सुरळीत व्हावे म्हणून. चारपैकी एक जळाली की काय होते? तीन सिलिंडर पेटतात, चौथा गरम होईपर्यंत कच्चे डिझेल बाहेर टाकतो. पहाटेच्या तक्रारीचे वर्णन हेच होते. तरीही "आपल्याकडे कुठे एवढी थंडी, हीटरशिवाय चालतं" म्हणून जळालेले प्लग तसेच ठेवले जातात. एखादा शॉर्ट होऊन फ्यूज उडवायला लागला की सगळ्यांचीच वायर काढून ठेवली जाते, किंवा डॅशबोर्डवर बटण बसवून थेट बॅटरीचा करंट दिला जातो आणि चालकाने बटण जास्त वेळ दाबले की उरलेलेही जळतात. डॅशबोर्डवरच्या वेटोळ्याच्या दिव्यावर लोकांचा भलता विश्वास आहे. तो दिवा "आता सेल्फ मारा" एवढेच सांगतो. चारही कांड्या तापल्या की नाही, हे बहुतेक जुन्या गाड्यांत त्याला कळतच नाही.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. वायर किंवा जोडपट्टी काढायची, मीटरचे एक टोक प्लगच्या डोक्यावर, दुसरे इंजिनच्या लोखंडावर. साध्या लोखंडी प्लगला एक-दोन ओहमच्या आत आकडा दिसतो. जळालेल्याला मार्गच नसतो, मीटर काही दाखवत नाही. चारही चांगले निघाले, तर चावी फिरवून प्लगपर्यंत करंट येतो का ते बघायचे. नसेल तर दोष रिले, मोठा फ्यूज किंवा वायरिंग यांत आहे. एक सावधगिरी मात्र हवी. नव्या गाड्यांचे काही प्लग बारा व्होल्टचे नसतात, त्यांना बॅटरीची थेट वायर लावून "लाल होतो का बघू" करू नये, तो तिथेच मरतो. आणि प्लग काढायचाच झाला तर इंजिन कोमट असताना, हलक्या हाताने. काजळीत रुतलेला प्लग जोर लावून पिळला की तुटून हेडमध्ये अडकतो आणि शे-पाचशे रुपयांच्या कामासाठी हेड उतरवावे लागते.

इथे स्कॅनरवाले म्हणतात, "आम्ही स्कॅनर लावला, कोड नाही, म्हणजे विजेचं काही नाही." हा युक्तिवाद जुन्या मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा जास्त फसवा आहे, कारण तो विज्ञानाचे कपडे घालून येतो. पी ०६७१ ते पी ०६७४ हे कोड पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या हीटर सर्किटचे आहेत, पण ते नोंदवायला संगणकाने प्रत्येक प्लगवर स्वतंत्र नजर ठेवायला हवी, आणि सगळ्या गाड्यांत तशी सोय नसते. दुसरे उदाहरण पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचे. पहाटे इंजिन ८ अंशांवर असताना या सेन्सरने ६० सांगितले, तर संगणकाला ते अशक्य वाटत नाही, तो कोड नोंदवत नाही. तो फक्त इंजिन गरम आहे असे धरून चालतो: हीटर लावत नाही, थंडीसाठीचे जादा डिझेल देत नाही, आयडलिंग वाढवत नाही. सगळे भाग शाबूत असून गाडी चुकीच्या माहितीमुळे अडते.

हा दोष पकडायची युक्ती फुकटची आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सेल्फ मारण्यापूर्वी, नुसती चावी लावून, स्कॅनरवर चालू आकडे वाचायचे. पाण्याचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखेच असले पाहिजे, कारण रात्रभरात दोन्ही बाहेरच्या हवेइतके झालेले असतात. त्यांत मोठी तफावत दिसली तर दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. दुपारी, गाडी वीस किलोमीटर चालवून आणल्यावर, ही कसोटी घेताच येत नाही. माझ्या ओळखीच्या एका टोमॅटोवाल्याच्या गाडीचे नोझल शहरात पाठवून, तपासून, परत बसवून झाले होते, आणि सकाळचा त्रास जसाच्या तसा होता. शेवटी एका पहाटे मीटर लागला तेव्हा हीटरच्या जोडपट्टीचा एक नट सैल निघाला. दुपारी त्या गाडीने कुणालाही काही दाखवले नसते.

बॅटरीबद्दलही तेच. "सेल्फ फिरतोय की, बॅटरी ठीक आहे," हे वाक्य मी मानत नाही. फिरतो, पण किती जोरात? शून्य अंशांजवळ शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता साधारण पाचवा हिस्सा घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन जास्त जोर मागते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट असले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा इंजिनची अर्थिंग पट्टी यांपैकी काहीतरी कमजोर आहे. गंजलेली अर्थिंग पट्टी तर मोजल्याशिवाय लक्षातच येत नाही.

आणि हवा. डिझेलच्या नळीत कुठेतरी वॉशर कडक झालेला असतो, फिल्टर बदलताना जुनाच रबर रिंग बसवलेला असतो. तिथून रात्रभर थोडी थोडी हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरते. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, धूर अजिबात येत नाही, मग गाडी पेटते, मरते, पुन्हा पेटते. धूर न येणे ही इथली खूण आहे. हा संशय असेल तर रात्री गाडी उतारावर तोंड खाली करून लावा, म्हणजे टाकी इंजिनापेक्षा वर राहील. सकाळी गाडी पटकन चालू झाली, किंवा फिल्टरवरचा हातपंप दाबून डिझेल वर आणल्यावर लगेच पेटली, तर दोष हवेचा आहे, आणि उपाय काही रुपयांच्या वॉशरचा.

धूर पांढरा असूनही झोंबत नसेल, किंचित गोडसर वास येत असेल आणि कूलंटची पातळी घटत असेल, तर वरचे सगळे सोडून हेड गॅसकेट बघावे. तिथे सेल्फ मारत राहणे धोक्याचे आहे.

मिस्त्रींची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, "सकाळी गाडी मंडईत असते, मालक दुपारी येतो, त्याला संध्याकाळी गाडी हवी असते. आणि नुसत्या तपासणीचे पैसे कुणी देत नाही. पार्ट बदलला तरच बिल होतं." हे शंभर टक्के खरे आहे. तासभर मीटर लावून बसलेल्या माणसाला "तुम्ही केलं काय?" असे विचारणारा मालक हाच नोझल-पंपाच्या निदानाचा अर्धा जनक आहे. त्याला दिसणारी वस्तू हवी असते, डबीतून काढलेली, चकचकीत. सापडलेला सैल नट त्याला काम वाटत नाही. पण यातून निष्कर्ष "म्हणून अंदाजाने बदला" असा निघत नाही. तपासणीला दर लागला पाहिजे, असा निघतो. थंड तपासणीचा वेगळा आकार घ्या, बोर्डावर लिहा, बिलात वेगळा दाखवा. मालकांनी तो द्यावा. एका हुकलेल्या लिलावात त्यापेक्षा जास्त जाते.

दुसरा आक्षेप चालकांचा: "पाच मिनिटं रेस केली की सुटते ना, मग कशाला?" त्या पाच मिनिटांत न पेटलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकवर तेल वाढलेले दिसले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर तेच झालेले असते. रिंगा कोरड्या घासतात, दाब आणखी घटतो आणि पुढच्या हिवाळ्यात गाडी आणखी थोड्या थंडीला अडते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असेल तर हे कच्चे डिझेल आणि काजळी त्यात जाऊन बसतात. आणि चालू होत नाही म्हणून एअर फिल्टरजवळ ईथरचा फवारा मारणे तर सरळ बंद व्हायला हवे. ईथर डिझेलपेक्षा कितीतरी कमी तापमानाला पेटते. आत हीटर प्लग लाल असताना ते पिस्टन वर यायच्या आधीच पेटते, आणि तो धक्का पिस्टनच्या रिंगांच्या खाचा फोडतो. पेटत्या चिंधीचा जुना प्रकार तसाच. जुन्या सैल इंजिनांनी तो सोसला म्हणून टर्बोच्या इंजिनाने सोसावा असे नाही.

तेव्हा मालकांना माझे सांगणे इतके आहे. गाडी दुपारी दाखवू नका. संध्याकाळी गॅरेजात नेऊन रात्रभर तिथेच उभी ठेवा, किंवा मिस्त्रीला पहाटे शेतावर बोलवा आणि येण्याचे पैसे द्या. त्याआधी चार दिवस एवढे लिहून ठेवा: सेल्फ जोरात फिरतो की मंद, धूर येतो की नाही, आला तर कोणत्या रंगाचा आणि कसल्या वासाचा, पेटून मरते की पेटून लंगडते, आणि किती वेळाने सुधारते. मिस्त्रीने बॅटरीचे व्होल्ट, चारही प्लगचे ओहम आणि दोन तापमानांचे आकडे सेल्फ मारण्याआधी घेतले पाहिजेत, आणि ते कागदावर तुमच्या हातात दिले पाहिजेत. हे आकडे न दाखवता कोणी नोझल उतरवायला निघाला, तर त्याला थांबवा.